तीन बोटं

पुणे

बाबा, तुमाले न आईले लेकीचा जयभीम.

मी मजेत आहो, नोकरी चांगली चालून राहिली. आईचा गुडघा कसा आहे? फोनवर ती बाजूलेच असते, म्हणून चिठ्ठी लिहून राहिली.

रक्तवाढीच्या गोळ्या रोज घेता म्हणता, तरी रक्त वाढत नाही. तुमी म्हणता डॉक्टर बेकार. मले पटत नाही. आई सांगे, तुमी भाकर दुधात भिजवून खाता, ठेच्याले हात लावत नाही, संत्र्याची फोडही ठेवून देता. पांढुर्ण्याच्या माणसाले संत्रं कधीपासून झोंबाले लागलं?

तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला म्हणता. मंग आईले शर्ट धुताना खिशात सुपारी कशी सापडते?

इथं दाताच्या डॉक्टरीणबाईले विचारलं. ती म्हणे, खर्ऱ्यानं तोंड जळते न आखडते, मंग पुरतं उघडत नाही. तोंड जळते म्हणून माणूस जेवत नाही, मंग रक्त कुठून येईन?

आरशापुढं तीन बोटं उभी तोंडात घालून पाहा. गेली, तर संशय घेतल्याची माफी मागीन.

पहिले तुमी हासले का नदीपल्याड सावरगावात ऐकू जाये. आता तोंडावर दुपट्टा धरता. आईले वाटते, तुमी तिच्यावर रागावले. खरं कारण तिले तुमी सांगसान, का मी सांगू?

तुमच्यावर नजर ठेवून असलेली,
दीपाली