जात्याचा खुंटा

शनिवार, ७ फेब्रुवारी १९४२. कुरुंदा
आईला मंगळवारी माती दिली. माणसं पांगली. घरात आता मी नि माझी लेक एस्तेर, दोघीच.

आज संध्याकाळी कान उगाच जात्याकडे लागले होते. शनिवारी दिवस मावळायच्या आत आई जात्याचा खुंटा ठोकून सैल करायची, उपसायची आणि कोनाड्यात बायबलाशेजारी ठेवून द्यायची. खुंटा नाही म्हणजे रविवारी दळण नाही, कुणाच्या शेतात जाणं नाही. लहानपणी त्या खुंट्याचा मला भारी राग यायचा. सगळ्या गल्लीत ताजी भाकरी, आमच्याकडे कालची.

आज कुणी काढला नाही. मग मीच काढला. का, ते माझं मला ठाऊक नाही.

सोम. ९
हळदीच्या कामावर गेले. मालकांच्या मळ्यात हळद शिजवायची कढई एकदा पेटली की हंगाम सरेपर्यंत रोज पेटते. आईला तेवढा रविवार माफ होता, आणि तिच्यामागे मलाही. आज किसन मुकादम म्हणाला, "शांताबाई, मालकाचा निरोप हाय. म्हातारीची गोष्ट म्हातारीसंगं गेली. येत्या रविवारी या, न्हाईतर सोमवारी येऊ नका."

हात हळद पसरत राहिले, डोकं तापलं. या हंगामावर आमचा पावसाळा निघतो हे मालकांना पक्कं ठाऊक. आई होती तोवर निरोप धाडायची हिंमत झाली नाही. माती वाळायच्या आत धाडला.

बुध. ११
दुपारी भाकरी खाताना शेजारच्या यमुनामावशीनं आईचा विषय काढला. मावशी आईबरोबर पहिल्यापासून हळदीवर. नेहमीसारखी हातभर लांब बसून बोलली. बायका आईला चिडवायच्या, तुझ्या देवाला रविवारीच काहून थकवा येतो? आई म्हणायची, "तुमी सोमवारी म्हादेवासाठी उपाशी ऱ्हाता, तवा मी तुमच्या ताटात डोकावते का?"

हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. आत्ताच्या मालकांच्या वडिलांनी आईला रविवारपायी कामावरून काढलं होतं. तेव्हा ती घरी बसली नाही. मावशी म्हणाली, "दर सोमवारी भाकरी बांधून यायची. काम न्हाई म्हटलं की बांधावर बसायची. रडणं न्हाई, भांडण न्हाई. भाकरी खायची, दिस बुडता घरला. अख्खा हंगाम. तू पदराखाली पीत असायचीस. पुढल्या साली मालकच म्हणले, बाई, ये कामाला, तुझ्याकडं बघून माझा घास उतरंना."

म्हणजे त्या बांधावर मीही होते. आईनं कधी सांगितलं नाही.

शुक्र. १३
वसमतहून माझा भाऊ दावीददादा आला, पाद्रीसाहेबांना घेऊन. दोघं मला समजावायला. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये, त्याला रविवारची सुटी आयती. म्हणतो, "आईचा काळ निराळा होता. चार रविवार गेलीस तर आभाळ कोसळत न्हाई." पा.सा.नी खड्ड्यात पडलेल्या बैलाचा दाखला दिला. अडचण आली तर विश्रांतीच्या दिवशीही त्याला वर काढतात म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, बैल मालकाचा, खड्डा मालकाचा. दर रविवारी वर काढायला आमीच काहून?"

पा.सा. हसले. दादा हसला नाही. निघताना म्हणाला, "थेट आईवर गेलीस." शिवी दिल्यासारखं म्हणाला. मला मात्र बरं वाटलं.

शनि. १४
खरं लिहिते. आईइतकी श्रद्धा माझ्यात नाही. ती प्रार्थनेला बसली की देव समोर पाटावर येऊन बसलाय अशी बोलायची. एस्तेरच्या तापापासून मालकांच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं त्याच्या कानावर घालायची. हो, मालकांच्यासुद्धा. मी बसले की डोळा लागतो. एस्तेरचे वडील गेल्यापासून देवाशी माझं बोलणं बेताचंच. मग कुणासाठी अडून बसलेय?

सहा दिवस आई दुसऱ्याच्या शेतात राबायची. सातव्या दिवशी धुवट लुगडं नेसून उंबऱ्यात बसायची. आत नाही, उंबऱ्यात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. हळदीनं पिवळे झालेले हात मांडीवर. मालक घोड्यावरून गेले तरी उठायची नाही. म्हणायची, "सातवा दिस मालकानं दिलेला न्हाई, तवा त्याला तो काढून घेता येत न्हाई." ज्यांच्या घरी बारमाही रविवार, त्यांना आमचा एक खुपतो. मला नाही सोसत ते. श्रद्धा असो नसो.

आईची फार आठवण येते. आज जात्यापाशी बसून रडले.

खुंटा काढला. एस्तेर म्हणाली, "आई, सोमवारी काम न्हाई मिळालं तर?"
तर

रवि. १५
दोघींनीच प्रार्थना केली. गाणं म्हटलं, आजीवाचून एस्तेरला सूर सापडेना. मग आईचं लुगडं नेसून उंबऱ्यात बसले.

किसन आला. "कढई पेटली, शांताबाई."
"पेटू द्या."
"मालक खवळलेत. उद्या येऊ नका मग."
"उद्या सोमवार हाय. उद्या येते."

तो गेला नाही. म्हणाला, "तुमच्या मायनं माझ्या बायकोचं बाळतपण केलं व्हतं. रविवारीच." मी म्हटलं, तिनं त्याला कधी काम म्हटलं न्हाई. मान हलवून गेला. मी हात मांडीवर ठेवले. उठले नाही. दिवस मावळेपर्यंत बसले.

सोम. १६
पहाटे खुंटा बसवला, दळलं. एस्तेर म्हणते मीपण येते. म्हटलं, तू शाळेत जा. आपल्या घरातल्या लेकरांचं बांधावर बसणं मी पदराखाली असतानाच करून ठेवलंय.

भाकरी बांधली. कामावर घेतलं तर मावशीबरोबर खाईन. नाही घेतलं तर बांधावर बसून, मालकांना दिसेल अशी खाईन. पुढच्या सोमवारीही.

निघते.