शिगेचं माप

आई, तुला राग येईल असंच काम केलंय मी, आणि पुढंही करणार आहे. तुझे बेसनाचे लाडू मी मिलीलिटरमध्ये लिहून काढले.

मी दहाएक वर्षांची असेन. मैसूरच्या आपल्या त्या स्वयंपाकघरात मी पितळी मापानं बेसन भरतेय आणि वरची शीग सुरीनं सपाट करतेय. तू हातावर चापट मारतेस. "सपाट माप दुकानात. आपल्या घरात शीग राहते." मी वही घेतली तर तीही ओढून घेतलीस. "हाताला कळतं ते. लिहून कुणी लाडू वळलेत?" चौथीत शाळा सुटलेली माझी, मी परत बेसन भरायला लागले. पण तुझ्या हाताला कळायचं ते सगळं तुझ्या हाताबरोबरच गेलं ना. लिंबाचं लोणचं गेलं, कडबोळी गेली. लाडू तेवढे माझ्याकडे उरले, आणि आता माझेही हात थरथरतात.

म्हणून अमेरिकेतल्या लेकीनं विचारलं तशी मी बसलेच. मिली मी औषधाच्या बाटल्या वाचून शिकलेली. तिकडचा कप दोनशे सदतीस मिलीचा, इकडं मिळतो तो अडीचशेचा, हेही हुडकलं. तुझं माप पाण्यानं भरून खुणांच्या भांड्यात ओतलं. दोनशे पंचाण्णव, म्हणजे तिचा सव्वा कप. चार मापं बेसन म्हणजे पाच कप, एक माप तूप म्हणजे सव्वा कप. कळवून टाकलं.

तिचा फोन आला. "लाडू कसले गं आई, तट्टेत, अख्ख्या ताटभर नुसता शिरा पसरलाय. पुढं मी विकतच आणते." विकतचे लाडू! एवढ्यावर संपणार होतं सगळं? दोन दिवस तेच डोक्यात. मग एकदा पाणी ओतताना हात थांबला. पाण्याला शीग कुठली! शीग बेसनाला. तुझ्यासारखं शिगोशीग भरून मोजलं तर तीनशे पंचावन्न, चांगला दीड कप. पोरीला अख्खा कपभर बेसन कमी पडलं होतं.

काल तिनं सहा कपांचे केले आणि फोनवर दाखवले. गोल, ताठ बसलेले. नात दुसरा मागत होती. तर ऐक, लिहूनही लाडू वळतात. तुझी शीगसुद्धा आकड्यात बसते, आणि ती चौथी शिकलेल्या बाईनं बसवली. चव आठवत आठवत कडबोळीही बसवीन, तू कितीही डोळे वटार.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? वहीतच राहू दे. एक मात्र सांगून टाकते. पहिले लाडू बिघडले तेव्हा मी लेकीला म्हटलं होतं, आजीचं मापच खोटं. ते बोलणं मी अजून मागं घेतलेलं नाही.