हात धुतले की झालं

३ जून
आज वसतिगृहात सामान टाकलं. खिडकीतून शवागाराचं पत्र्याचं छप्पर दिसतं. आईला फोनवर सांगितलं, झाड दिसतं. खोलीतल्या मैत्रिणीला सगळे चष्मिश म्हणतात. ती झोपेतही पाठांतर करते. आमचं जमेल.

९ जून
पहिलं शवविच्छेदन. मी मास्क, ग्लोव्हज, सगळं चढवून गेले. आमचा सीनियर, त्याला सगळे दादा म्हणतात, म्हणाला, नवरी नटून आली. खोलीभर हशा. तो स्वतः उघड्या हातांनी काम करतो. ग्लोव्हजमधून शरीर कळत नाही म्हणे. सर काणाडोळा करतात.

२० जून
आज मीही ग्लोव्हज घातले नाहीत. रस्त्यावर सापडलेला बेवारस माणूस. मेंदू बाहेर काढताना दादाची सुरी माझ्या तर्जनीला लागली. "हात धुतले की झालं," तो म्हणाला. "नोंद केलीस तर सर दोघांनाही फाडून खातील. तोंडी परीक्षा त्यांच्याकडेच आहे." मी नळाखाली हात धरले. दुपारी त्यानं मला चहा पाजला. आता मला कुणी नवरी म्हणत नाही.

२ ऑगस्ट
जखम केव्हाच भरली, पण तर्जनीला मुंग्या येतात. दादाला दाखवलं. त्याचा चेहरा उतरला. परीक्षेचा ताण असेल म्हणाला, आणि माझं बोट धरलेला हात पँटला पुसत निघून गेला.

४ ऑगस्ट
मुंग्या कोपरापर्यंत. चष्मिश चौकशी करून आली, रडतच. त्या बेवारस माणसाला कुत्रं चावलं होतं. रेबीज. अहवाल जूनमध्येच आला होता. दादानं त्याच दिवशी गुपचूप लस टोचून घेतली. मला सांगितलं असतं तर उघडे हात, लपवलेली जखम, सगळंच बाहेर आलं असतं. लस तळमजल्यावर मिळते. कुणालाही. पण लक्षणं दिसण्याआधी घ्यायची असते. हे उत्तर मी परीक्षेत अचूक लिहिलं होतं.

५ ऑगस्ट
वॉर्डात. पंखा बंद करायला लावला — वारा लागला की गळा आवळतो. पाण्याचा पेला नुसता बघवत नाही. सर आले. दोन-दोन ग्लोव्हज, मास्क, चष्मा. दादा दारातच उभा. तोही नटलेला.

६ ऑगस्ट
आई आलीय. तिला सांगितलंय, साधा ताप. नर्सनं दिलेले ग्लोव्हज तिनं काढून ठेवले — माझ्या लेकराला हात लावायला हे कशाला, म्हणाली —
आवाज फुटत नाही. म्हणून लिहितेय.
ती माझी लाळ पुसतेय. हातानं. तिच्या अंगठ्याला भाजलंय, ताजं — मी तिचा हात झटकला तरी सोडत नाही —
चष्मिश, हे वाच. आईला बाहेर ने. तळमजल्यावर — लगेच — तिला ल