एक्केचाळीसला बारा

बोईसर, रविवार

तीर्थरूप तात्यांस,

धाकट्या कमलाकांताचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, पण कागदावर वाकायला काय जातंय). गुडघा कसा आहे? शेक चालू ठेवा आणि विहिरीच्या पंपाकडे स्वतः चढउतार करू नका, एवढं धाकटा असूनही दटावून सांगतो. एडवणची वाडी ठीक असेल. इकडे सुलू, रूपल आणि मी खुशाल आहोत. फोन सोडून पत्र का, असं वहिनी विचारतील. तर फोनवर मी बोलतो त्यातलं निम्मं तुम्हाला ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. हा विषय असा आहे की त्यात एक दात इकडचा तिकडे झाला तरी घोटाळा होतो.

विषय दातांचाच आहे. पालघरचे दातांचे डॉक्टर हर्षित तुम्हाला आठवत असतील (सुलूची अक्कलदाढ काढली ते, तिची अक्कल शाबूत राहिली, माझी मधल्या काळात गेली, ते पुढे येईलच). त्यांनी डहाणूकडच्या एका बंगल्याच्या आवारातून पन्नास वर्षांपूर्वीची लाल स्पोर्ट्स कार उचलून आणली. दोन माणसांची, टप नाही, आणि इतकी बुटकी की आत बसलं की रस्त्यावरचं कुत्रं आपल्याकडे मान खाली करून बघतं. इंजिन गंजून दगड झालेलं. तसलं दुसरं मिळेना, म्हणून त्यात जीपचं डिझेल इंजिन बसवायचं ठरलं. (आरटीओची परवानगी रीतसर काढली आहे. ती फाईल गाडीपेक्षा जड आहे.) काम त्यांनी माझ्या शेडला दिलं असं मी चार महिने समजत होतो. त्यांनी ते रूपलला दिलं होतं. शेडच्या पाटीवर माझं नाव असल्यामुळे माझा गैरसमज झाला.

तात्या, पोरीने इंजिन असं बसवलं की बॉनेट एका बोटाने बंद होतं. तीस वर्षं तारापूरच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघितला, पण जुन्या गाडीत परकं इंजिन इतकं घरच्यासारखं बसलेलं पाहिलं नाही. ही स्तुती मी तिच्या तोंडावर केलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

उरला प्रश्न गिअरबॉक्सचा आणि मागच्या गोळ्याचा. मागच्या चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियल, त्यात एक मोठं दातेरी चक्र असतं ते क्राऊन आणि त्याला फिरवणारं छोटं ते पिनियन. क्राऊनला एक्केचाळीस दात आणि पिनियनला आठ असतील तर शाफ्ट पाचेक वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. म्हणजे जोर दांडगा, वेग कमी. पिनियनला बारा दात असतील तर साडेतीनलाही थोडं कमी. म्हणजे वेग जास्त, जोर कमी. गाडीचा मूळचा गोळा डिझेलच्या जोरापुढे टिकला नसता, तेव्हा दुसरा घालणं भागच होतं. मी म्हटलं, टेम्पोचा घालू, एक्केचाळीसला आठ, आणि शेडमध्ये पडलेला जीपचा चार गिअरचा बॉक्स लावू. डॉक्टरांना गाडी घेऊन जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जव्हारचा घाट चढायचा होता, आणि घाटाला टेम्पोसारखं जनावर नाही. रूपल म्हणाली, एक्केचाळीसला बारा आणि पाच गिअरचा बॉक्स. तीन दिवस आमच्या घरात आमटीपेक्षा पिनियन जास्त वाढलं गेलं.

चौथ्या दिवशी ती मैत्रिणीच्या, दीपिकाच्या लग्नाला दोन दिवस मुरब्याला गेली. आणि तात्या, मी तुमच्यापासून काही लपवत नाही, मी तेवढ्यात टेम्पोचा गोळा बसवून टाकला. माझ्या हाताखालचा नामदेव पाना हातात धरून म्हणाला, "काका, तुमी सांगता तर लावतो. पन पोरीला इचारलं का?" मी त्याला सांगितलं की या शेडमध्ये विचारायचं ते मला. त्याने नटबोल्ट एका डब्यात नीट वेगळे ठेवले. पुन्हा सोडायला लागणार हे त्याला तेव्हाच कळलं होतं.

डॉक्टरांना शेजारी बसवून मी एमआयडीसीच्या रस्त्याला लागलो. पहिला गिअर टाकला, गाडीने उडी मारली, डॉक्टर खूश. शेडचं फाटक ओलांडेपर्यंत पहिला संपला. पानटपरीपर्यंत दुसरा. पहिल्या वळणाआधी चौथा टाकला आणि मग टाकायला काही उरलंच नाही. इंजिन असं किंचाळत होतं की डॉक्टरांनी दोन्ही कान धरले (पेशंट त्यांच्या ड्रिलपुढे धरतात तसे). मी घाबरून वेग उतरवला, तेवढ्यात मागून कामगारांची बस आली, सावकाश आमच्या बाजूला आली आणि पुढे निघून गेली. खिडकीतून एक जण ओरडला, "चाचा, ट्रॅक्टर है क्या?" पाठोपाठ मासळीच्या टोपल्या घेतलेली रिक्षा आली. तिच्यातली बाई दुसरीला म्हणाली, "अगं बाय, एवढी वरडते तरी पुढं नाय जात!" डॉक्टर सज्जन माणूस. एवढंच म्हणाले, "काका, अजून एखादा गिअर असेल का कुठे?"

संध्याकाळी आम्ही परत येताना रूपल लग्नाहून येऊन फाटकात उभी होती. साडी नेसलेली, हातात आहेराची पिशवी. गाडी दिसायच्या आधीच तिला आवाजावरून कळलं होतं. मला वाटलं रडेल नाहीतर भांडेल, मी दोन्हीची तयारी ठेवली होती. तिने खडू घेतला आणि शटरवर लिहायला लागली. चाकाचा घेर एक मीटर पंच्याऐंशी. डिझेल इंजिन चार हजार फेऱ्यांच्या पुढे जात नाही. मग मला म्हणाली, तुमच्या गोळ्याने ऐंशीचा वेग धरला तर इंजिन मिनिटाला सदतीसशे फेऱ्या मारतं, म्हणजे मरणाच्या दारात. माझ्या गोळ्याने, पाचव्या गिअरात, दोन हजारसुद्धा नाही. मी म्हटलं, आणि घाट? ती म्हणाली, "बाबा, जुन्या इंजिनापेक्षा ह्याच्यात दुप्पट जोर आहे. मग जोर वाढवायला पिनियनचे दात कमी कशाला करायचे? तुम्ही टेम्पोचं गणित केलंत. यात दोन टन सिमेंट कुठे भरायचं आहे?"

शटर आठ दिवस मी पुसू दिलं नाही. कारण विचारणाऱ्याला सांगितलं, शटरला रंग द्यायचाय.

मग प्रायश्चित्त म्हणून गोळा मीच शोधायला निघालो. पाच गिअरचा बॉक्स दोन दिवसांत मिळाला, पण तसला गोळा कुणाकडे नव्हता. बोईसरचे सगळे भंगारवाले पालथे घातले. शेवटी वैतरण्याच्या बाजूला एका शेडमध्ये, तुटक्या टाक्यांच्या खाली, एक सापडला. एका दाताला खडूची खूण केली आणि मोजायला बसलो. एक्केचाळीस. बारा. विश्वास बसेना म्हणून तीनदा मोजले. शेडवाल्याला वाटलं म्हातारा जप करतोय.

मेळाव्याच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घाट मला झेपणार नाही, गाडी रूपल चालवेल, शेजारी तुम्ही बसा. विक्रमगड सोडलं आणि चढण लागली. एका अवघड वळणावर पुढची एक लांबलचक जुनी मोटार धूर सोडत बंद पडली आणि आम्हाला ऐन चढावर थांबावं लागलं. तात्या, हाच तो क्षण. उभ्या चढावर, थांबलेल्या गाडीला पहिल्या गिअरात उचलायचं आणि मागच्या गोळ्याचा जोर कमी. मागे दहा गाड्या. गाडी मागे सरकली असती तर पोरीचं नाव सगळ्यांच्या देखत गेलं असतं. माझ्या तोंडात "टेम्पो" हा शब्द आला होता, तो मी गिळला. रूपलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हँडब्रेक सोडत, क्लच इतक्या हळूच वर घेतला की तो कधी लागला ते मला कळलं नाही. गाडी थरथरली नाही, मागे गेली नाही. रस्ता आमच्याखालून सरकायला लागला, एवढंच.

परत येताना मनोरच्या पुढे हायवेवर तिने पाचवा टाकला. काट्यावर ऐंशी. तिने विचारलं, "बाबा, इंजिनाचं काय ऐकू येतंय?"

मी नीट कान दिला. वारा होता. बाकी काही नाही. "काही नाही," मी म्हटलं, आणि मग तोंड दुसरीकडे वळवून बराच वेळ भातखाचरं बघत बसलो. टप नसलेल्या गाडीत डोळ्यात वारा फार जातो.

मेळाव्यात ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना सांगितलं, गणित मुलीचं. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. आता तुम्ही एडवणला सांगा.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
कमलाकांत

ता. क. : त्या मेळाव्यात पुण्याच्या एका गाड्यांच्या कंपनीतले साहेब होते. रूपलला त्यांच्या गिअर विभागात बोलावणं आलं आहे. पंधरा तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं आहे. घरातून विरोध असल्यामुळे पोरगी गप्प गप्प असते. तुमचा शब्द आमच्या घरात कुणी मोडत नाही, म्हणून तुम्ही येऊन जरा समजूत घालावी, ही विनंती.

ता. ता. क. : येताना सुलूची समजूत घालायची तयारी करून येऊ नका. ती केव्हाच हो म्हणाली आहे, बॅगसुद्धा काढून ठेवली आहे तिने. नाही म्हणणारा मी आहे. मला समजावू शकेल असं मोठं माणूस आता तुमच्याशिवाय कुणी राहिलेलं नाही. चौदा तारखेच्या आत या.