यासीनच्या वाटची माती

यासीन, सलाम.

कॅनडातलं तुझं पॅरिश, म्हणजे तिकडचा तालुका, अब्बांना तोंडपाठ होतं. पनवेलच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगायचे, "नदीकाठी बटाट्याची शेतं. आधी फ्रेंच वसले, त्यांना हाकलून इंग्रज आले. चर्चमागे सगळ्यांच्या कबरी."

एकदा शकीलचाचांनी विचारलं, "आणि आपलं कबरस्तान?"

"ते लांब, शहरात," अब्बा म्हणाले. मग गल्ला लावून घेत पुटपुटले, "यासीनला मिट्टी द्यायला तिथे कोण जाणार?"

शुक्रवारी अब्बांना दफन केलं. कबरीवर मी माझ्या तीन मुठी माती टाकली, मग तुझ्या नावाच्या तीन. फोनवर तुला फक्त सगळं नीट झालं म्हणालो. हे पत्रही पाठवणार नाही.

माझ्या वेळी मात्र तू स्वतः ये.

तुझा मोठा भाऊ,
तौसीफ