पावसाआधीचं सामान आणि बार्शीचे पाहुणे

अण्णा, गेल्या आठवड्यात मी अगदी तुमच्यासारखं केलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, नुसता फोनवर अतिवृष्टीचा इशारा आला होता, आणि मी दोन पिशव्या घेऊन सोलापुरात मधल्या मारुतीपाशी आपल्या जुन्या किराणा दुकानात गेले. तुमचे जावई म्हणाले, "अगं, फोनवर मागव की, दारात आणून देतात." मी म्हटलं, "पावसात कोण येतंय दारात?" तांदूळ, तूरडाळ, शेंगदाणे, हुलग्याचं पीठ, कडक भाकरीचे पुडे, मेणबत्त्या. दोन पिशव्या पुरल्या नाहीत, तिसरी तिथंच घेतली. तुमच्या वेळच्या शेठजींचा नातू आता गल्ल्यावर बसतो. तो म्हणाला, "काकू, लग्न निघालंय व्हय घरात?" मी म्हटलं, "लग्नाचं बघू, आधी पाऊस निघालाय."

रिक्षात सामान मांडीवर घेऊन बसले आणि होटगीचं रेल्वे क्वार्टर आठवून एकटीच हसत राहिले. रेडिओवर वादळी पावसाचं सांगितलंय, मालधक्क्यावरची ड्युटी संपवून तुम्ही सायकलवरून थेट सोलापूर गाठलंय, आणि परत येताय ते कॅरियरला चुरमुऱ्यांचं भलंमोठं पोतं बांधून. आई दारात उभी. "ह्या पोत्यानं पाऊस अडवणार हाय का?" तुम्ही गंभीरपणे सांगताय की बाजारात दुसरं काही शिल्लकच नव्हतं. पाऊस काही आला नाही. उलट असं ऊन पडलं की रुळांकडे बघवेना. मग सकाळी चुरमुरे भिजवून सुसला, दुपारी भडंग, संध्याकाळी चुरमुऱ्यांचे लाडू. मी एकदा ताटावर बसून फिसकन हसले, तेव्हा तुम्ही मला रागावलात. तुम्ही क्वचितच रागवायचात, म्हणून ते लक्षात राहिलं. "हसतीस काय? पाऊस आला न्हाई म्हणून सामान वाया जात नसतं. खायला कुणीतरी येतंच." आणि त्याच संध्याकाळी रुळांवर काम करणारी सगळी गँग तुम्ही ओट्यावर बोलावलीत. लाडू कडक झाले होते, त्यामुळे बराच वेळ कुणाला बोलताच आलं नाही.

आमच्याकडेही माणसं आली, पण ती ओट्यावर बसणारी नव्हती. तुमच्या नातीला बघायला बार्शीहून पाहुणे यायचे होते. मुलगा, त्याचे वडील आणि आई. ही तुमची नात पुण्यात नोकरी करते आणि तुमचा चेहरा तिला फक्त भिंतीवरच्या फोटोतून माहीत आहे. तिनं आधीच बजावलं होतं, "आई, चहापोहे होऊ देत, तासभर बसू देत, मग मी नाही म्हणणार. तू नंतर रडायचं नाही." याआधीच्या दोन घरांनी तिला ‘लग्नानंतर नोकरीचं काय’ म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून पोह्याची ताटली दिसली तरी तिच्या कपाळाला आठी पडते.

पाहुणे आले, चहा झाला. मुलाचे वडील आमच्या ह्यांच्याशी ज्वारीच्या भावावर बोलत होते. मुलाची आई मात्र खुर्चीच्या कडेवर ताठ बसलेली, हो-नाही एवढंच उत्तर. माझ्या मनात आलं, ह्या बाईंनाही पसंत नाही, झालं, सुटलो. तेवढ्यात पाऊस सुरू झाला. आपल्याकडं पाऊस कसा, येतो, तोंड दाखवतो, जातो. हा आला आणि ठाण मांडून बसला. तासाभरात रस्त्याला ओढा झाला, वीज गेली, थोड्या वेळानं फोनची रेंजही गेली. पार्किंगमध्ये त्यांच्या गाडीची चाकं निम्मी पाण्यात होती. रेंज जाण्याआधीच्या शेवटच्या फोनवर कळलं होतं ते एवढंच, की वैरागच्या अलीकडं पुलावरून पाणी चाललंय, बार्शीचा रस्ता बंद.

मुलाची आई पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "अगंबाई, म्हणजे आता ऱ्हायचं?" तिच्या आवाजात एवढी काळजी होती की मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सरळ डबे उघडून दाखवले. "बघा. काही कमी न्हाई." तिनं एकेक डबा वाकून बघितला. मग म्हणाली, "आमच्या घरी मला हसतात असं भरून ठेवलं की."

झालं, त्या एका वाक्यावर आमचं जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती पदर खोचून उभी. "हुलग्याचं पीठ बघितलंय मी काल. शेंगोळे करू का?" ताठपणा नव्हताच तिचा, अण्णा. परक्या घरी काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं. आम्ही दोघी शेंगोळे वळत बसलो, तर वरच्या मजल्यावरचे आजोबा-आजी दूध नाही म्हणून खाली आले, मग समोरचे आले, आणि आमच्या हॉलमध्ये पंगत बसली. कडक भाकरी, शेंगाचटणी, शेंगोळे.

गच्चीवरचं पाणी तुंबलं म्हणून नात आणि मुलगा दोघं झाडू घेऊन वर गेले होते. पाइपात अडकलेली कुणाची तरी उशी काढायला त्यांना बराच वेळ लागला. खाली आले ते चिखलानं माखलेले आणि हसून हसून बेजार. तिनं ताट घेता घेता सगळ्यांदेखत सांगितलं, "आई, मी विचारलं ह्याला. पुण्यात राहून मी नोकरी करणार, चालेल का? तर म्हणतो, मी पण पुण्यातच नोकरी बघतोय, आणि स्वयंपाक मला येतो." मुलाची आई वाढता वाढता थांबली. "कुटं येतोय? वरण तेवढं येतंय." हॉल असा हसला की वरच्या आजोबांना ठसका लागला. मी मात्र पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि डोळे पुसले. तुम्ही त्या पंगतीत हवे होतात.

तिसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर ते गेले. माघात लग्न धरलंय.

हे पत्र लिहून झालं की मी ते टराटरा फाडणार आहे, कारण तुमच्या जावयांच्या हाती लागलं तर पंचाईत. पुलावरचं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारीच ओसरलं होतं. खालच्या रिक्षावाल्यानं मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "काकू, बार्शीचा रस्ता चालू झालाय बगा." मी त्याला ताटभर शेंगोळे दिले आणि म्हटलं, "वर कुणाला बोलू नको."