तेजे, तुझं ओरडणं कुठं गेलं?

प्रिय तेजे,

सप्रेम जयभीम. फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मला राग लवकर येतो. बोलायचं ते राहून जातं आणि नको ते तोंडातून निघतं. कागदावर निदान तुला मधी तोंड घालता येणार नाही. चौथीपर्यंतच शाळा झाली माझी, अक्षर वाकडं आहे, तसंच वाच. तुझा भाऊ रविंद्र शुक्रवारी ट्रॅक्टरचा पार्ट आणायला पुण्याला येतोय, त्याच्याकडं देते.

तुमच्या 'वखर' बँडचा नवा अल्बम ऐकला. 'ओल'. अख्खा ऐकला. आणि मला काहीच कळेना झालंय. सरळ विचारते, तुझं ते ओरडणं कुठं गेलं?

तूच तर नको म्हणत होतीस, असं म्हणू नकोस. मी काय काय बोललेय ते मला पाठ आहे. पहिला 'कुसळ' आला तेव्हा म्हणाले होते, पोरीच्या अंगात आलंय का काय. 'ढेकूळ' आला तेव्हा मोबाईल गोठ्यात ठेवून आले होते. चांगली बँकेतली नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी घशातून असा आवाज काढायचा, जसं कुणी विहिरीतनं दगड ओढतंय. विहारात बायका विचारायच्या, तेजश्री आता काय गाते? मी म्हणायचे, गात नाही, भांडते.

पण रविंद्रनं दोन हंगाम तुझंच लावलं गं. माळेगावला ऊस घालायला जाणारे बाकीचे ट्रॅक्टरवाले नाचाची गाणी लावतात, आपल्याकडं बहीण ओरडायची. पिंपळीच्या पाटावर ट्रॅक्टर वळला की मला घरात तुझा आवाज यायचा आणि मी चहा टाकायची. मग सवयच लागली. एखाद्या दिवशी तू ऐकू आली नाहीस तर दारात जाऊन बघायची.

तर 'ओल' आला त्या दिवशी रविंद्रनं तो कारखान्याच्या लायनीत उभा असताना लावला. आधी काहीच वाजेना. मग पाणी ठिबकल्यासारखं. मग ती तुमची निकिता ड्रमवर कुठंतरी लांब एक टिचकी मारते आणि थांबते. ह्याला वाटलं वायर सुटली. आवाज पार मोठा केला आणि वायर बघायला मागं चढला. तेवढ्यात शंभूराजची गिटार एकदम अंगावर आली. पुढं गेणबाची बैलगाडी होती. बैल उसासकट लाईन मोडून कँटीनकडं पळाले. गेणबा धापा टाकत आला आणि म्हणाला, "रविंद्रराव, भैनीला सांगा, काय वाजवायचं ते सुरवातीलाच वाजवा म्हनावं! जनावराला अंदाज नको व्हय?" सगळी लाईन हसली. रविंद्र घरी येऊन सांगत होता तेव्हा मीही हसले. मग म्हणाले, दे इकडं, मलाच ऐकू दे.

ओट्यावर शेंगा फोडत बसले आणि कानात मोबाईलचं ते बोंडूक घातलं. पोरी, त्यात टाळी कुठं द्यायची? हात खाली यायला लागला की ताल पुढं निघून गेलेला असतो. भीमगीतात कसं, धृपद परत येतं, माणूस त्यावर विसावतं. तुमचं गेलं ते गेलंच. एक गाणं तर बारामतीची एसटी आली, भरली, गेली, तरी चालूच. आणि त्यात तू गातेस. गोड गातेस, खोटं कशाला बोलू. अप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, आता माझी लेक गायला लागली. शेजारची श्रेया म्हणते, काकू, हा त्यांचा सगळ्यात भारी अल्बम आहे, आवाजात खोली आलीय. सगळे खूश. मीच एकटी अडाणी.

तिसऱ्या गाण्यात एक जागा येते. सगळी वाद्यं चढत चढत वर जातात आणि मला वाटलं, आता ओरडणार ही. हातातली शेंग तशीच धरून बसले. आणि तू नुसता श्वास घेतलास आणि हळूच गायलीस. मी ती जागा परत परत लावली. दर वेळी तेच.

मोरगावची आठवण झाली. तू दुसरीत होतीस. माझ्या आईनं, केसरबाईनं, तुला ज्वारी राखायला माळ्यावर बसवलं. गोफण तुला पेलेना, म्हणून तू नुसती ओरडलीस. पोटातून. आपल्या रानातली पाखरं उठलीच, शेजारच्या रानातलीही उठली. शेजारी बांधावर येऊन म्हणाला, "केसरबाई, नात भाड्यानं देता का?" तू दिवसभर ओरडलीस आणि रात्री जेवताना घसा साफ. म्हणून आता तुझा घसा बसला असेल असं मला वाटत नाही. तरी डॉक्टरनं काही सांगितलं असेल तर लपवू नकोस.

कंटाळलीस का? का मोठी झालीस? माणूस बदलतं, ते कळतं मला. उसाच्या रानात आपणही हरभरा घेतो.

आता खरं लिहिते. काल इंदापूरहून कुशाबाईंचा फोन आला. दीपकला घेऊन तुला बघायला आल्या होत्या, तेव्हा पोहे खाता खाता म्हणाल्या होत्या, "गान्याला आमची ना न्हाय, पन ते तसलं आमच्यात चालायचं न्हाय." तेव्हा तू ताटलीकडं बघत होतीस आणि दीपक मोबाईलकडं. काल फोनवर म्हणतात, "मुक्ताबाई, ऐकलं बरं का नवं गानं. पोरीनं आमचा शब्द राखला." फोन ठेवला आणि हा कागद घेऊन बसले. तुम्ही चौघांनी बसून, विचार करून हे असं केलं असेल तर माझं काही म्हणणं नाही. मी 'ओल' ऐकत राहीन, कधीतरी टाळीची जागा सापडेल. पण त्यांच्यासाठी केलं असशील तर ते मला सांग, त्यांना काय सांगायचं ते मी बघते. अप्पा चिडतील, चिडू दे. दीपक तुला आवडतो हेही मला दिसतं, म्हणून तर जास्तच घोळ झालाय. वाईट पोरगा असता तर मी एवढं लिहिलंच नसतं. रविवारी ती माणसं लग्नाची तारीख धरायला येणार आहेत. मी त्यांना अजून या म्हणलेलं नाही आणि नको म्हणलेलं नाही. लाडवाचा रवा आणून ठेवलाय. भाजला नाही.

तुझीच,
आई